‘चुकलं तर’ लिहिणाऱ्या सुलभाताई

सुलभाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझ्या पानावर मारलेल्या भल्यामोठ्या फुलीमुळे. अमरावतीच्या आमच्या छोट्या कंपनीत पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर तयार होते आणि ते कसे वापरायचे याची पुस्तिका ताई लिहितात. मी त्यांच्या मदतीला दिलेला नवाकोरा इंजिनिअर, भाषेचा तोरा मोठा. चष्म्यावरून पाहत ताईंनी विचारले, “हे कोणासाठी लिहिलं रे? तुह्या सरांसाठी?” त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य.

ताई कामात कडक. सॉफ्टवेअरमधले एक बटण जरी हलले, तरी पुस्तिकेतले पान त्याच दिवशी बदलायचे. पण माझी आई दवाखान्यात होती तेव्हा आठवडाभर माझे काम ताईंनीच ओढले, वर डबाही आणला. आभार मानले तर रागावल्या.

एकदा आम्ही अकोल्याच्या एका लॅबमध्ये शिकवायला गेलो. तिथे वानखडेबाई नव्याने लागल्या होत्या. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच, आणि शनिवारपर्यंत जमले नाही तर दुसरे कोणी पाहू, असे मालकांनी बजावलेले. त्या माऊसला हातच लावेनात. “माह्या हातून एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर गेला तं? मले नाही जमत जी हे!”

“मंग आधी चुकाच,” ताई म्हणाल्या. त्यांनी खोट्या नावांचे दोन रुग्ण तयार केले, वानखडेबाईंना मुद्दाम चुकायला लावले आणि प्रत्येक चूक त्यांच्याच हातून निस्तरून घेतली. संध्याकाळी बाई हसत होत्या. त्यांची नोकरी टिकली.

परत येताच ताईंनी पुस्तिकेच्या प्रत्येक पानाखाली ‘चुकलं तर’ अशा मथळ्याने चूक कशी निस्तरायची याचा मजकूर घालायला घेतला. आमच्या कंपनीच्या साहेबांना तो खटकला. गिऱ्हाइकाला आपला माल कच्चा वाटेल, म्हणाले. ताई म्हणाल्या, “माणूस चुकतेच साहेब. त्याले वापस यायचा रस्ता नको का?” मजकूर राहिला. आज वानखडेबाई लॅबमधल्या नव्या मुलींना शिकवतात, तेही आधी चुकायला लावूनच.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्या निवृत्त होणार. आता पुस्तिका माझ्याकडे येणार, आणि खरे सांगतो, मला धास्ती वाटते. परवा न राहवून विचारलेच, “ताई, माझं काही चुकलं तर?”

“पानाखाली बघ,” त्या हसल्या. “नाही सापडलं तं मी आहो ना!”

ताई, तब्येत सांभाळा, खुशाल शंभरी गाठा. आम्ही अजून पुष्कळ चुकणार आहोत.