सर्वानुमते मंजूर, आत्या सोडून

आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिणारे. हुंड्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावला म्हणून आपल्याच वस्तीतल्या लोकांविरुद्धसुद्धा. श्रीरामपूरच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि मी आणि आई घड्या घालायचो. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आईने किराण्याच्या याद्या लिहिल्या. वाचायलाही मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे एखादी गोष्ट नुसती सांगून गप्प बसणं मला जमत नाही. मैत्रिणीला वाढदिवसाचं पत्र लिहिलं तरी शेवटी एक मागणी येतेच.

आत्या ही पप्पांची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्याकडेच राहते. अंगणवाडीत मदतनीस होती, गावातल्या निम्म्या तरुणांना तिने कधी ना कधी खिचडी भरवलेली आहे. तीन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही दोघी पुणतांब्याच्या फाट्यावरून जीप धरतो आणि श्रीरामपूरला डायलिसिसला जातो. मशीनवर चार तास. तिच्या डाव्या हातावर त्यासाठी एक शीर जोडून घेतली आहे. तिच्यावर बोट ठेवलं की आत काहीतरी घरघरत असतं. आत्या ते शेजारच्या बायकांना कौतुकाने दाखवते. "बघ, माजी गिरन चालू हाय," म्हणते. दिवसाचं पाणी तिला मोजून प्यावं लागतं. ते ती एका फुलपात्राने मोजते आणि त्यातलंही थोडं संध्याकाळच्या चहासाठी राखून ठेवते.

पप्पांना साखर आहे, म्हणून किडनी देण्यासाठी त्यांचं नाव पहिल्याच दिवशी बाद झालं. आईचा आणि माझा रक्तगट जुळला नाही. राहिली ती सरकारी यादी. कुठेतरी कुणाचा तरी मेंदू मृत व्हायचा, त्याच्या घरच्यांनी त्या रडारडीत हो म्हणायचं, आणि तेव्हा आत्याचा नंबर वर आलेला असायचा. मला या सगळ्याचा फार राग यायचा. आत्याला मरणाऱ्यांची वाट पाहायला लावणारी व्यवस्था, आणि मरणाऱ्यांना जिवंतपणी एकदाही काही न विचारणारी व्यवस्था.

मग मी वाचायला लागले. काही देशांत उलटा नियम आहे असं कळलं. तिथे प्रत्येक माणूस अवयवदाता धरला जातो. ज्याला द्यायचे नसतील त्याने जिवंतपणी तसं नोंदवून ठेवायचं. आपल्याकडे ज्याला द्यायचे आहेत त्याने अर्ज भरायचा, आणि अर्ज भरायला कुणाला वेळ आहे? मला उत्तर सापडलं होतं. एका बैठकीत पत्रक लिहून झालं. शेवटची मागणी अशी होती की सरकारने सगळ्यांचा होकार गृहीत धरावा, आणि सुरुवात म्हणून आमच्या गावाने तसा ठराव करून वर पाठवावा.

पप्पांनी वाचलं, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. "भाषा चांगली आहे," म्हणाले. मागणीबद्दल काही बोलले नाहीत. ते मी माझ्या बाजूने धरलं.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा शुक्रवारी आली. आत्याला घेऊन त्या दिवशी आई गेली, कारण मला सभेत बोलायचं होतं. मी तयारीही खूप केली होती, पण बोलावं लागलंच नाही. ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी विषय वाचायला घेतले. पथदिवे, मंजूर. स्मशानभूमीच्या शेडचे पत्रे, मंजूर. मग माझा विषय. त्यांनी तो एका श्वासात वाचला आणि मान वर न करता विचारलं, "कुणाचा विरोध?" मागे दोघेजण सोयाबीनच्या फवारणीबद्दल बोलत होते. बाकी शांतता होती. "विरोध नाही. सर्वानुमते मंजूर." पुढचा विषय गटाराचा होता.

मिनिटभरात गावाने हजारभर लोकांची किडनी, यकृत आणि डोळे देऊन टाकले होते. मी घरी उड्या मारत आले.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. सभेला माणसं कमी येतात आणि रजिस्टरवर सह्या जास्त लागतात. म्हणून ग्रामपंचायतीचे शिपाईमामा दुसऱ्या दिवशी रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतात. कुणी गोठ्यात असतं, कुणी न्हाणीत. "सही करा," म्हटलं की सही होते. त्या पानावर काय लिहिलंय हे विचारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी ते आमच्याकडे आले. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी आत्याला जरा तरतरी असते. ती ओट्यावर बसून गवार निवडत होती.

"आत्याबाई, करा सही. कालची सभा."

"काल मी मशीनवर हुते."

"ते चालतं. नाव लिवलंय मी तुमचं."

आत्याने हात पुसले, चष्मा लावला आणि रजिस्टर मांडीवर घेतलं. शिपाईमामा उभ्याउभ्या चुळबुळ करायला लागले. तिने सावकाश, बोट फिरवत, सगळे ठराव वाचले. मी आतून पाहत होते आणि मनातून सुखावले होते. आता ती माझ्या ठरावाशी येईल, माझ्याकडे बघेल.

ती आलीच त्या ठिकाणी. बोट थांबलं. तिने रजिस्टर मिटलं आणि परत दिलं.

"मी न्हाई करनार सही."

"का वो?"

"मी हजर न्हवते. आन् ह्याला मी हो म्हनलेलं न्हाई."

शिपाईमामांनी माझ्याकडे पाहिलं. "घ्या. तुमच्यासाठी पोरीनं एवढं केलं, आन् गावात एकट्या तुमीच नाट लावा."

ते गेल्यावर मी बाहेर आले. माझा आवाज चढलेला होता, हे मान्य करते. म्हटलं, "आत्या, हा ठराव तुझ्यासाठी आहे. तुला किडनी लवकर मिळावी म्हणून."

"माज्यासाठी हाय तर मला इच्यारलंस का?"

"यात विचारायचं काय? चांगलंच होणार आहे तुझं."

"हे बग, असंच म्हनत्यात." तिने गवार पुन्हा हातात घेतली. "वस्तीकडं गटार वळवलं, तवा बी सर्वानुमते लिवलं हुतं. आमच्या बाया सभेत खालच्या अंगाला बसलेल्या. कुनी बोललं न्हाई, म्हनून आमी बी हो म्हनलो असं धरलं. ईस वर्सं त्या वासात सैपाक केला म्या."

पप्पा दारात उभे होते. ते म्हणाले, "माझं पहिलं पत्रक त्यावरच होतं, आक्का."

"हां. आन् हिचं त्याच्या उलटं हाय. तू नुसतं ऱ्हस्व-दीर्घ बघितलं व्हय?"

पप्पा हसले, पण खजील झाले होते. मला मात्र हसू आलं नाही. मी वाद घातला. गटार आणि किडनी एक कशी? मेलेल्या माणसाचं काय जातं? अर्ज भरायचा कंटाळा म्हणून चांगल्या मनाची माणसं आपले अवयव जाळून टाकतात, पुरून टाकतात. त्यांच्या आळसापायी माझी आत्या का मरावी? हे शेवटचं वाक्य मी बोलून गेले आणि थांबले. मरण्याचा शब्द आम्ही घरात वापरत नव्हतो.

आत्याला त्याचं काही वाटलं नाही. "मेलेल्याचं जात न्हाई," ती म्हणाली, "घरच्यांचं जातं. मला उद्या कुनाची किडनी मिळाली, तर ती माज्या पोटात ऱ्हानार हाय, पोरी. ती कुनीतरी दिलेली पायजे. गप हुता म्हनून काढून घेतली, असली मला पचायची न्हाई."

मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. मंगळवारी जीपमध्येही खिडकीकडे तोंड करून बसले. मशीनवर तिला लावल्यावर ती म्हणाली, "रुसलीस तर रुस, पन ऐक. तुजं एक खरं हाय. लोकांना कुनी इच्यारतच न्हाई. मग आपन इच्यारू की. मंगळवार-शुक्कार सोडून मी मोकळीच हाय."

अर्ज मी तालुक्याच्या दवाखान्यातून आणले. मी एक फेरी ठरवली होती, पटापट, दारातच. आत्याची अट वेगळी होती. घरातली सगळी माणसं बसल्याशिवाय अर्ज काढायचा नाही. कारण वेळ येईल तेव्हा कागद कुणी बघत नाही, डॉक्टर घरच्यांनाच विचारतात. हे तिला मशीनवर शेजारी पडणाऱ्या लोकांकडून कळलं होतं. त्यामुळे एका घराला तास-तास लागायचा. आणि प्रत्येक घरात आत्याला चहा पुढे यायचा, तो ती दोन घोट घेऊन माझ्याकडे सरकवायची. त्या महिन्यात मी प्यायले तेवढा चहा पुन्हा कधी पिणार नाही.

मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त मजा आली. एक म्हातारे बाबा म्हणाले, "लिव्हर लिवू नगं. ते म्या वापरून संपवलंय." त्यांची सून पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. देवळाजवळच्या आळीत एक निवृत्त कारकून काका राहतात, गावची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात आहे. ते नाही म्हणतील असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि पेन मागितलं. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "यांचं यांनी द्यावं. माझं मला अजून ठरवायचंय." काका चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. चौथ्या दिवशी काकू एकट्याच आमच्या घरी आल्या आणि ओट्यावर बसून सही करून गेल्या.

नकारही आले. आत्या ते फार सहज घ्यायची. "बरं, न्हाई तर न्हाई," म्हणायची आणि दुसरंच काही बोलायला लागायची. मला राहवायचं नाही. मी पुढे सरसावले की ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची.

आमच्याच वस्तीतल्या एका बाईंचं घर मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यांचा मुलगा नगर-मनमाड रस्त्यावर अपघातात गेला होता. मेंदू मृत झालेला, तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. आत्या म्हणाली, तिला वगळायचं नाही, वगळलं तर तो बी तिच्या वतीनं आपनच दिलेला निकाल झाला. आम्ही गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ अर्जाच्या कडा सरळ करत बसल्या.

"माज्या पोराच्या टायमाला मला कुनी इच्यारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "इच्यारलं असतं तर मी दिलं असतं का, ठावं न्हाई. पन इच्यारायला पायजे हुतं. तो माजा हुता."

स्वतःसाठी त्यांनी नाही सांगितलं. आत्या बरं म्हणाली, आणि दोघी भोपळ्याच्या वेलाबद्दल बोलत बसल्या.

परतताना मी मनात दोन्ही नियम ताडून पाहत होते. माझ्या नियमाप्रमाणे त्या मुलाचे अवयव त्यांना न विचारता गेले असते. सध्याच्या नियमाप्रमाणे त्यांना न विचारताच जाळले गेले. दोन्ही नियमांत त्या बाई कुठेच नव्हत्या. माझा राग गेला नाही, आजही नाही. दर माणसाला, दर घराला एकदा बसून विचारायला सरकारकडे माणसं नाहीत, हे मी खपवून घेणार नाही, आणि पुढचं पत्रक त्यावरच आहे. पण लोकांचं गप्प बसणं मी पुन्हा माझ्या बाजूने मोजणार नाही.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी स्वतःच माझा ठराव मागे घेतला. भाऊसाहेब वैतागले. सर्वानुमते मंजूर झालेलं कसं खोडायचं, याचा रकानाच त्यांच्या रजिस्टरमध्ये नव्हता. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. नव्या ठरावात दर वर्षी घरोघर जाऊन विचारायचं, एवढंच होतं. आत्याने हात वर करायला लावले आणि भाऊसाहेबांना ते मोजायला लावले. अकरा जणांनी हात वर केले नाहीत. त्यांचीही नोंद घ्यायला लावली.

यादीत आत्याचा नंबर किती सरकला, ते आम्हाला कुणी सांगत नाही. आमच्या गावातल्या अर्जांचा तिला उपयोग होईलच असंही नाही. हे तिला माहीत आहे आणि तरी ती खूश आहे. तिच्या तपासण्या ठीक आहेत. परवा तिने एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. तिचा स्वतःचा.

"किडन्या खराब हायेत, पन डोळे चालत्यात म्हनं. डॉक्टरला इच्यारलंय म्या. जवळच्या नातेवाइकाची सही तुजी घेनार हाय. बाप तुजा रडत बसंल."

मी पेन घेतलं.

"सही नंतर," आत्या म्हणाली. "आदी सांग. मी मशीनवरून उठले न्हाई, आन् डॉक्टर तुला बाहेर येऊन इच्यारायला लागला, तर हो म्हनशील का?"

अख्ख्या गावाच्या वतीने मी हे उत्तर मिनिटभरात दिलं होतं. आता ते तोंडातून निघेना. तिचे डोळे माझ्यासमोर होते, चष्म्याच्या आत, थोडे सुजलेले, माझ्याकडे लागलेले. ती वाट बघत राहिली. घाई केली नाही, गुडघ्यावर हातही ठेवला नाही.

"हो म्हणेन," मी म्हणाले.

"कर मग सही," आत्या म्हणाली, आणि कागद हलू नये म्हणून तिने त्याचं टोक बोटाने धरून ठेवलं.