चाचांनी फुकट दिलेलं प्यादं

चाचा बुद्धिबळाचा प्रत्येक डाव एकाच तऱ्हेने सुरू करायचे. राजापुढचं प्यादं दोन घरं, आणि लगेच शेजारचं, उंटापुढचं प्यादं समोरच्याला फुकट मारायला. "पयलं देयाचं, मंग मागायचं," म्हणायचे. ते प्यादं घेणाऱ्याला दहा चालींत पळता भुई थोडी व्हायची.

खांब गावचे चाचा रोह्याला आमच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. बुद्धिबळ आखातात शिकले, कामगारांच्या खोलीत. शह दिला तरी तोंडाने कधी म्हणायचे नाहीत. "राजाला कळतं रे, ओरडायचं कशाला?"

पेणच्या स्पर्धेत अंतिम डाव आम्हा दोघांतच आला. त्यांनी नेहमीचं प्यादं दिलं, मी घेतलं. पाचसहा चालींनंतर त्यांनी घोडा उचलला आणि उंटासारखा तिरका नेऊन ठेवला. थट्टा वाटली मला.

"चाचा, घोडा अडीच घरं."

"व्हय, अडीच." घोडा त्यांनी परत घेतला. पटाकडे बघत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "कसा जातो रे?"

मी पंचांना काही बोललो नाही. बरोबरी करू म्हटलं.

"नाय. तू जिकलास. हात मिलव."

मला ढाल मिळाली तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. परतताना एसटी खांबला थांबली, तरी ते उठेनात. मीच हात धरून उतरवलं. रस्त्याच्या कडेला म्हणाले, "सहा महिने झाले असं होतंय. घरी बोलू नको."

मी बोललो नाही. पुढच्या वर्षी ते घरातून निघाले ते दुसऱ्या दिवशी निडीच्या स्टेशनवर सापडले, अनवाणी, तापाने फणफणलेले. चाचींनी मला एवढंच विचारलं, "तुला म्हायती होतं नि तू बोलला नाय?"

त्यानंतर दर रविवारी खांबला जायचो. शेवटच्या भेटीत चाचा ओटीवर बसले होते. मला पाहून अदबीने सरकले, बसायला जागा दिली.

"पाव्हणे, बुद्धिबळं येतात?"

मी नुसती मान हलवली. त्यांना ती नकाराची वाटली असावी.

"लाजू नका. सोपं असतंय," म्हणाले. "मी शिकवीन."

आणि माझ्यासाठी ते एकेक सोंगटी मांडू लागले.