माणसं बंद केलेला रस्ता

डेपोत त्याला सगळे मऊब्रेक म्हणायचे. नाव कंडक्टर मंडळींनी ठेवलं होतं आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. बस थांबलीय हे उभ्या प्रवाशाला खिडकीबाहेर बघितल्यावर कळायचं, इतकं त्याचं थांबणं अलगद. नव्या ड्रायव्हरांना चार दिवस त्याच्यासोबत पाठवत. ती पोरं परत येऊन सांगत, हा माणूस ब्रेक दाबत नाही, ब्रेकची समजूत घालतो.

अशा माणसाच्या बसखाली एक पादचारी आला आणि जागीच गेला. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच, भर दुपारी. सिग्नल बससाठी हिरवा होता. पुढे रीतसर चौकशी झाली. वेग किती होता, अंतर किती होतं, ब्रेक कधी लावला, एवढं विचारलं गेलं आणि तेवढंच त्यानं सांगितलं. दोष ड्रायव्हरचा नाही असं ठरलं. डेपोतले लोक घरी येऊन पाठ थोपटून गेले. ‘सुटलास बाबा,’ म्हणाले. कशातून सुटलो हे त्याला उमगलं नाही, पण त्यानं मान हलवली. हल्ली त्याला तेवढंच जमत होतं.

घरात तो असून नसल्यासारखा होता. बायको एकदा भाजीत मीठ घालायचं विसरली तर त्यानं मुकाट्यानं पानातलं सगळं संपवलं. ती स्वतः जेवायला बसली तेव्हा तिला कळलं. हा तोच माणूस, जो पूर्वी मीठ कणभर कमी पडलं तरी आधी डबी शोधायचा आणि मग बोलायचा. तिला वाटलं, हा चिडला असता, ताट सरकवलं असतं, दोन शब्द लागतील असे बोलला असता, तरी चाललं असतं. पण त्यानं तोंडात जणू मिठाची गुळणीच धरली होती. रडलाही नाही. कसं वाटतंय असं कुणी विचारलं की ‘बरंय’ म्हणायचा, आणि खोटं बोलतोय असंही वाटायचं नाही. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं.

बायको घरीच शिवणकाम करायची. झिपा बदलणं, उसवलेलं शिवून देणं, पँटी आखूड करणं. मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, आणि त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीला लावून टेबल. त्या टेबलाशी तो दिवसभर बसू लागला तेव्हा मुलीनं तिथं आपला जुना लॅपटॉप आणून ठेवला. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लॅपटॉप तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. बिजागरी इतकी सैल की पडद्यामागे इस्त्रीची पेटी टेकवावी लागे, नाहीतर पडदा नमस्कार घालायचा. तिनं त्यात बस चालवायचा एक गेम घातला.

‘बाबा, भिंतीकडे बघण्यापेक्षा हे बघ,’ ती म्हणाली. दुसरं काय म्हणावं हे तिलाही सुचत नव्हतं.

लॅपटॉपचा जीव तो केवढा. गेम सुरू झाला की पंखा घरघरायचा, चित्र अडखळत अडखळत पुढे जायचं, वळणावर तर बस उडी मारून भलतीकडेच उगवायची. शेवटी मुलीनं गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन एकेक गोष्ट कमी केली. सावल्या काढल्या, झाडं काढली, बाकीच्या गाड्या काढल्या, आणि सगळ्यात शेवटी माणसं बंद केली. मग बस जरा बऱ्यापैकी चालायला लागली.

तेव्हापासून मऊब्रेक रिकाम्या शहरात बस चालवत होता. स्टॉप यायचा, तो बस लावायचा, दारं उघडायची, कुणी चढायचं नाही, दारं मिटायची. पट्टे यायचे, जायचे. बाणांच्या बटणांवर त्याची बोटं तेवढी हलायची, पाय टेबलाखाली जोडून ठेवलेले असायचे. चित्र अडखळलं तर तो नुसता थांबून राही. त्याची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार बायकोची होती. डेपोच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता: सोमवारी येऊन सांगा, गाडी घेताय की वर्कशॉपला जाताय. वर्कशॉप म्हणजे बस धुवायच्या, चाकांत हवा बघायची आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसायचं नाही. साहेब भले होते, जबरदस्ती नव्हती. पण बायकोच्या मनानं घेतलं होतं की याला एकदा त्या सीटवर बसवलं की हा पुन्हा माणसात येईल, आणि एकदा वर्कशॉपच्या पाण्यात उभा राहिला की जन्मभर असाच राहील. रोज ती विचारायची, ‘काय ठरवलंत?’ रोज तो म्हणायचा, ‘बघू.’

‘त्याला ते खेळणंसुद्धा धड चालवायला मिळत नाही,’ ती मुलीला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली. ‘नुसतं अडकतं. हात बसायला हवा ना पुन्हा? कर की काहीतरी.’

मुलीनं चौकशी केली. दुकानाशेजारच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्यानं सांगितलं की यात रॅम फारच थोडी आहे. शिवाय या लॅपटॉपला चित्रासाठी वेगळी रॅम नाही, त्यालाही याच घासातला घास काढून द्यावा लागतो. रिकाम्या खाचेत रॅमची आणखी एक पट्टी बसवा, गेम सुतासारखा सरळ चालेल. पट्टी तिच्या हातात ठेवून तो म्हणाला, ‘घरीच बसवा, सोपं आहे.’ दुकानदार ज्याला सोपं म्हणतात त्यात आपली सुट्टी जाते हे तिला माहीत होतं, तरी तिनं पट्टी घेतली.

रविवारी सकाळी त्याच टेबलावर चादर घालून लॅपटॉप पालथा झाला. चष्म्याचे स्क्रू फिरवायची सवय असल्यानं मुलीला बारीक पेचकस सरावाचा होता. मऊब्रेकनं टॉर्च धरला. धर म्हटलं म्हणून धरला, पण प्रकाश अगदी हवा तिथं पडत होता आणि हात तसूभरही हलत नव्हता. मागचं झाकण जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डानं कडेकडेनं उचकटलं. बॅटरीची वायर सोडवली. पट्टी तिरकी धरून खाचेत सारली आणि खाली दाबली. झाकण लावलं, बटण दाबलं. पडदा काळाच.

‘गेलं,’ मुलगी म्हणाली. ‘मारला मी त्याला.’

म्हणता म्हणता तिनं जीभ चावली. बायकोच्या मशीनचा आवाज थांबला. मऊब्रेक मात्र आवाजात काही फरक न पडता म्हणाला, ‘एकाच बाजूनं टक् झालं होतं. दुसरी बाजू बसलीच नाही.’

पुन्हा सगळं उघडलं, पट्टी काढली, पुन्हा घातली, आणि या वेळी दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा आवाज आला. लॅपटॉप उठला. गेम इतक्या चटकन सुरू झाला की मुलगी स्वतःशीच हसली. तिनं सेटिंगमध्ये जाऊन काढलेलं सगळं एकेक करून परत दिलं. सावल्या, झाडं, गाड्या, माणसं.

‘घ्या साहेब, तुमचं शहर,’ ती म्हणाली.

चित्र आता पाण्यासारखं सरकत होतं. फुटपाथवर माणसं चालत होती. पहिल्या स्टॉपवर दारं उघडली आणि निळ्या शर्टाचा, खांद्याला पिशवी लावलेला एक माणूस चढला. दुसऱ्या स्टॉपवर तसलाच निळा शर्ट, तीच पिशवी. गेमवाल्यांनी चार-सहाच माणसं बनवली होती आणि तीच शहरभर फिरवत होते. ‘बाबा, याला कामधंदा नाही वाटतं,’ मुलगी म्हणाली. बायको मान वळवून बघत होती. तिला बरं वाटत होतं.

पुढे पट्टे आले. निळा शर्टवाला फुटपाथवरून खाली उतरला.

बस थांबली. बायकोचं लक्ष टेबलाखाली गेलं. त्याचा उजवा पाय जमिनीवर इतका रेटलेला होता की फरशीवरच्या सतरंजीला चुणी पडली होती. तिथं ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं, ब्रेक तर बोटाखालच्या बटणात. माणूस पलीकडे पोचला. सिग्नल बदलला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. पडद्यावर लाल अक्षरांत उशीर झाल्याचं आलं, गुण कमी होत गेले. बस ढिम्म हलेना.

‘बाबा, गेला तो. काढ ना गाडी.’

‘माणसं बंद कर,’ तो म्हणाला.

‘अरे पण आता छान चालतंय की.’

‘बंद कर गं.’

इतक्या दिवसांत त्यानं काही मागितलं असेल तर हे. तिनं मुकाट्यानं माणसं बंद केली. गाड्याही बंद केल्या, कुणी न सांगता. शहर पुन्हा रिकामं झालं, फक्त आता कुठे अडखळत नव्हतं. बायकोनं सुस्कारा सोडून झीप हातात घेतली. तिच्या मनात आलं, सकाळची सगळी खटपट पाण्यात गेली.

त्यानं बस काढली. एक स्टॉप घेतला, दारं उघडली, मिटली. पुढे पट्टे आले. पट्ट्यांवर कुणी नव्हतं, सिग्नल हिरवा होता. पूर्वी इथून तो सरळ निघून जायचा. आता बस हळूहळू मंदावली आणि अगदी अलगद, त्याच्या जुन्या पद्धतीनं, पट्ट्यांच्या अलीकडे उभी राहिली. पाय पुन्हा जमिनीवर रेटलेला.

बायकोनं झीप खाली ठेवली. मग तिच्यानं राहवेना. ‘अहो, कुणी नाहीये पुढे.’

‘माहितीय.’

‘मग?’

‘त्याची चप्पल मागे राहिली होती,’ तो म्हणाला. ‘निम्म्यात निघाली पायातली. तो गेला होता पलीकडे, जवळजवळ गेलाच होता. ती घ्यायला मागे वळला.’

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. चौकशीत चपलेबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मुलगी टेबलाची कड धरून उभी राहिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याला ते कळलंय असं दिसत नव्हतं, कारण आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

‘साधीच चप्पल. मी ब्रेक दाबला, सगळा दाबला, बसमधली माणसं एकमेकांवर पडली. आयुष्यात एवढ्या जोरात दाबला नव्हता. तो वाकलेलाच होता.’

पडद्यावर सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला.

‘उद्या वर्कशॉप सांगतो,’ तो म्हणाला. ‘मी सगळ्याच पट्ट्यांपाशी असाच उभा राहणार. मागच्या लोकांनी किती वेळ थांबायचं? त्यांना कामाला जायचं असतं.’

बायकोकडे यावर किती दिवसांपासून तयार केलेली उत्तरं होती. सवय होईल, सगळ्यांचं होतं, चार दिवस जाऊ द्या. पण तिनं रिकाम्या पट्ट्यांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

‘घेतली का त्यानं?’ तिनं विचारलं.

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही.

‘घेतोय अजून.’

‘घेऊ दे,’ ती म्हणाली, आणि मशीनच्या पायडलवरचा पाय काढून घेऊन तीही थांबली.