उठून यायचं

भामाबाईच्या बैठकीत एका शब्दावर हमखास हशा पिकायचा. तो शब्द म्हणजे कॅन्सर.

कुणाचा तरी मोडका चष्मा ती नाकावर चढवायची, पदराचा पीळ करून डॉक्टरच्या नळीसारखा गळ्यात अडकवायची आणि घोगऱ्या आवाजात म्हणायची, "पिशवी फार खराब झालीय बाई. काढली नाही तर कॅन्सर होईल." मग चष्मा काढून विचारायची, "आता काय करायचं गं?" सगळ्या बाया एका सुरात ओरडायच्या, "उठून यायचं!" माझ्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर या बैठका व्हायच्या. मी पोट धरून हसायची. 

पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. बीड जिल्ह्यात चौसाळ्याच्या अलीकडं आमची वस्ती आहे. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात, नवरा-बायको जोडीनं ऊसतोडीला जातात. पाळी आली, पोट दुखलं म्हणून बाई उसाच्या फडात गेली नाही की तिचा खाडा धरून पैसे कापतात आणि मुकादम तोंड सोडतो तो वेगळाच. त्यापेक्षा ती कटकटच काढून टाका, असं सासूपासून मुकादमापर्यंत सगळे सांगतात. त्यात एखादा डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पंचविशीतली पोरगी टेबलावर जाऊन झोपते. असल्या डॉक्टरांच्या डोक्यावर उसाची मोळी देऊन त्यांना दिवसभर फळीवरून ट्रकमध्ये चढायला लावलं पाहिजे, असं माझं मत आहे आणि मी ते कुणालाही तोंडावर सांगते.

भामाबाईची पिशवी अशीच गेली. अंगावरून पांढरं जात होतं, एवढंच. गोळ्यांनी भागलं असतं. ऑपरेशननंतर कंबर धरली, अंगाची आग व्हायला लागली, भर थंडीत ती पदरानं वारा घेत बसायची. ऊसतोड सुटली. नवरा भारत बिचारा सरळ माणूस, त्यानं बाजारात हमाली धरली. भामाबाईनं बाया गोळा करायचं काम धरलं. आधी बौद्धवाड्यात, मग आमच्या आळीत, मग जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पार धारूरच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर. एका मुकादमानं रस्त्यात अडवून दम दिला, तेव्हा त्याला म्हणाली, "माझं काय काढून घेणार तुमी? काढायचं ते काढून झालंय." तो गुमान बाजूला झाला. अशी ही बाई. तिच्यामुळं किती जणी दवाखान्याच्या पायरीवरून माघारी फिरल्या, ते आख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे.

बायनाबाई तिची सगळ्यात गुणी चेली. तशी भित्री. नवऱ्यानं, सुग्रीवनं, नुसती हाक मारली तरी दचकायची. गेल्या दिवाळीआधीच्या बैठकीत मात्र ती आपणहून उभी राहिली आणि पदराचं टोक चावत म्हणाली, "मी बी उठून आले."

पाळी नसतानाही अंगावरून लाल जात होतं म्हणून ती दवाखान्यात गेलती. डॉक्टर म्हणाला, पिशवीच्या तोंडाशी गाठ लागतेय, तुकडा तपासायला पाठवू, कॅन्सरबिन्सर असू शकतो. "कॅन्सर म्हणला आन् मी चपला घातल्या," बायनाबाई म्हणाली. "आमचे हे थांब थांब म्हणायले. मी कुठली थांबते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भामाबाईनं तिला जवळ ओढलं, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "बगा, अशी पाह्यजे बाई!" बायनाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं कौतुक ऐकलं असावं. लाजून लालेलाल झाली. पुढं प्रत्येक गावात भामाबाई तिचं नाव घेऊन हा किस्सा सांगायची. त्या डॉक्टरनं काढायला नाही, तपासायला सांगितलं होतं, हे आम्हा शहाण्यांपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. तो शब्द कानावर पडला की आमचं ऐकणं तिथंच संपायचं.

ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, उन्हाळ्याच्या तोंडाला परत आल्या. एके दिवशी बायनाबाई दळण घेऊन आली. ज्वारीचा डबा तिला ओट्यावर ठेवता येईना. तोंड पिवळं पडलेलं. घडीभर टेकली आणि उठली, तर साडी मागून भिजलेली. मी गिरणी बंद केली आणि भामाबाईला बोलावून घेतलं.

"कधीपून जातंय गं?"

"फडात गेल्यापून. थांबतच न्हाई."

"मग बोलली कावून न्हाईस?"

बायनाबाईनं खाली मान घातली. "पुन्यांदा दवाखान्यात गेले असते तर त्यांनी पिशवीच काढली असती. तुमी समद्या गावांत माझं नाव सांगत व्हता. मग तुमाला खाली बगावं लागलं असतं."

 भामाबाईनं गिरणीत पडलेली माझी जुनी ओढणी घेतली, बायनाबाईच्या कमरेला गुंडाळली आणि रस्त्यावर जाऊन जीपला हात केला.

बीडच्या सरकारी दवाखान्यात तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला गेलो त्या दिवशी सुग्रीव औषधाच्या रांगेत होता. डॉक्टरीणबाईंनी भामाबाईला आणि मला आत बोलावलं. वयानं पोरगीच होती, पण बोलायला मायाळू. म्हणाली, "कॅन्सर आहे. आजूबाजूला पसरलाय, त्यामुळं ऑपरेशन करता येणार नाही. रेडिएशनचे शेक आणि औषधं देऊ. पण खरं सांगते, फार उशीर झालाय. सुरुवातीला आल्या असत्या तर पिशवी काढून कदाचित पूर्ण बऱ्या झाल्या असत्या. आधी कुणाला दाखवलंच नव्हतं का?"

"दाखवलं व्हतं," भामाबाई म्हणाली. "मी उठून यायला शिकवलं."

डॉक्टरीणबाईंना त्यातलं काय कळणार!

बाहेर व्हरांड्यात मी भामाबाईवर चिडलेच. म्हटलं, हा शब्द नासवला कुणी? धडधाकट बायांना खोटं खोटं कॅन्सर सांगणाऱ्यांनी. त्यांना झोप लागते आणि तू कावून जीव जाळतेस?

"त्यांनी भिववलं, मुक्ता," ती म्हणाली. "हसवलं मी. भेलेली बाई आज ना उद्या दवाखान्यात गेली असती. मी तिची भीतीच घालवली."

"अगं, पण तुझ्यापायी किती जणी वाचल्या..."

"त्या मोजू नको. त्यांच्या आड मला लपायचं न्हाई."

 टाळ्या मीही वाजवल्या होत्या, ओटा माझाच होता. ती पदरानं वारा घेत येरझाऱ्या घालत राहिली. मग थांबून म्हणाली, "आजच सांगते तिला. माझ्यामुळं झालं म्हणून सांगते. तिनं चार शिव्या दिल्या तर बरं वाटंल."

तेवढ्यात समोरच्या खोलीतून बायनाबाई आली. भिंत धरत धरत, पण चेहरा फुललेला. नर्सनं तिला पुढचं समजावलं होतं. निम्मंच तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"भामाबाई, नर्सबाई म्हणल्या, आपरेशन करायचंच न्हाई. नुसते शेक घ्यायचे." तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "वाचली बगा माझी पिशवी. आता सांगा बैठकीत."

आणि मागच्या वेळेसारखी दृष्ट काढून घ्यायला मान पुढं केली.

भामाबाईनं तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवले. ते आपल्या कानशिलांकडं मात्र गेलेच नाहीत. बायनाबाई मान तशीच पुढं करून वाट बघत उभी होती.