ड्रायव्हर साफ करणारी सून

घरून काम करणाऱ्या बाईकडे किस्से आपोआप साठतात. पाणी मात्र साठत नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या युसूफ वडगावात पाण्याचा टँकर यायचा, पण त्याला काळवेळ नव्हती.

माझं काम कर्नेलमधले, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीतले, ड्रायव्हर साफ करायचं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला एखादं यंत्र चालवायला शिकवणारा कोड. त्यातलं बिनकामाचं काढायचं आणि मंजुरीसाठी तो कोड सांभाळणाऱ्या मेंटेनरकडे पाठवायचं. बाळंतपणानंतरचा माझा पहिलाच बदल दोनदा परत आला होता. तिसऱ्यांदाही आला तर आपल्याला आता हे जमत नाही, हे मान्य करून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

*

सासूबाईंनी एकदा विचारलं, दिवसभर काय पुसत बसतेस? म्हटलं, ज्याला कुणी हाकच मारत नाही असा कोड काढून टाकते.

"राहू दे की. लागंल कवातरी."

त्यांच्या माळ्यावर तीन फुटक्या घागरी आहेत.

*

ड्रायव्हर वजनकाट्याचा होता. त्यात उगाच दोन सेकंद थांबायला सांगितलेलं. मी ते उडवलं. मेंटेनरनं विचारलं, खऱ्या काट्यावर तपासलंत का? आमच्या दूध संस्थेत तोच काटा. जाऊन माझा बदल लावून पाहिला, तर एकाच कॅनची तीन वजनं! माप घेणारे नानाकाका शांतपणे म्हणाले,

"ताई, दूध थिरावू तरी द्या."

दूध डुचमळत होतं. दोन सेकंद परत घातले. इंजिनिअरिंगला हे शिकवलं नव्हतं. किंवा त्या दिवशी मी गैरहजर असेन.

*

तिसऱ्यांदा पाठवताना लेक मांडीवर होती. तिनं कीबोर्डवर थाप मारली आणि मेल गेला, खाली तेरा 'के' घेऊन. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "बदल घेतला. शेवटची ओळ कळली नाही, पण निरुपद्रवी दिसते."

मी सासूबाईंना मिठीच मारली. म्हटलं, ड्रायव्हर साफ झाला, बिनकामाचं सगळं निघालं! त्यांनी संस्थेत दूध घालताना ही बातमी आपल्या शब्दांत दिली: "सूनबाईनं बिनकामाचे डायवर काढले. वरून मंजुरी आली."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टँकर थेट आमच्या दारात. ड्रायव्हर खाली उतरला, डोक्याचा रुमाल हातात घेऊन.

"म्याडम, माझं नाव हाय का त्यात? आता रोज येळेवर येतो."

समजावून सांगायला मी तोंड उघडलं. सासूबाईंनी मला मागं सारलं, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाल्या,

"राहू दे गं त्याला. लागंल कवातरी."