एकही शब्द न बोलता मोडलेली बैठक

एक फेब्रुवारी, रविवार. स्थळ: चौसाळ्यातली आमची ओसरी. हजर: मी, माझे मालक, आमची मुलगी, चकलांब्याहून आलेला मुलगा, त्याचे वडील, त्याचे चुलते आणि माझा धाकटा भाऊ, म्हणजे मुलीचा मामा. बीड जिल्ह्यात आजवर लग्नाच्या बैठका मानपानावरून मोडल्या, जेवणावरून मोडल्या, जुन्या भांडणावरूनही मोडल्या. पण तोंडातून एक अक्षर न काढता बैठक मोडून दाखवणारा माणूस माझ्या भावाशिवाय दुसरा झालेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

दोष पुस्तकांचा. मागच्या दशकात आयुष्य सुधारून देणाऱ्या पुस्तकांची जी लाट आली, ती बाकीच्यांच्या डोक्यावरून गेली आणि आमच्या भावाच्या भुसार दुकानात येऊन थांबली. बीडला माल आणायला गेला की येताना तुरीच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, एक पुस्तक ठेवलेलं असायचंच. पहाटे उठण्याचं, श्रीमंतासारखा विचार करण्याचं, कशाचीच फिकीर न करण्याचं. लोक पुस्तक वाचतात आणि बाजूला ठेवतात. हा पुस्तक वाचतो आणि घरादाराला कामाला लावतो. पहाटेचं पुस्तक वाचलं तेव्हा त्याने साडेचारला दुकान उघडलं. गिऱ्हाईक एकच आलं, शेजारचं कुत्रं. पसारा आवरायचं पुस्तक आलं तेव्हा, जी वस्तू बघून मन प्रसन्न होत नाही ती ठेवायची नाही म्हणून, उंदीर मारायचं औषध विकणं बंद केलं. मनं प्रसन्न झाली ती उंदरांची. आहाराचं पुस्तक वाचून तर गव्हाचं पोतं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं, "काका, माणूस मुळात धान्य खायाला जन्मलाच न्हाई." काका म्हणाले, "मग तू कावून विकायलास बे?" आणि समोरच्या दुकानात गेले. माझी भावजय काही बोलत नाही. बोलली, तर तो 'ऐकण्याची कला' काढून बसतो.

तरी मी इतकी वर्षं सहन केलं. पण त्या रविवारी त्याने माझ्या मुलीच्या बैठकीत पुस्तक घुसवलं, तेव्हा माझा संयम संपला. मुलामुलीने एकमेकांना पसंत केलेलं. आमची पोरगी, जी एरवी हाक मारली तरी ओ देत नाही, ती पंधरवडाभर भांडी घासताना गाणी म्हणत होती. राहिलं होतं फक्त कुणी काय करायचं ते बसून ठरवायचं. आमच्याकडे अशा बैठकीत पहिला शब्द मामाचा. मामा "चला, करून टाकू" म्हणाला की बाकीचे बोलतात. आणि मामा गप्प बसला, तर त्याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो: मामा रुसला.

मुलाच्या वडिलांनी मानाने विचारलं, "बोला मामा, लग्न तुमच्या दारात करायचं का आमच्या?"

मामा गप्प.

"तुमी म्हणाल तसं करू. बोला की."

मामाने मांडी बदलली आणि गोड हसला. चहावर साय धरली. चुलते कासावीस होऊन म्हणाले, "मामा, काही चुकलं का आमचं?" तरी हसू तसंच. दाराआडून पोरगी म्हणाली, "मामा, बोल ना रे!" तर तिला बोटाने 'थांब' अशी खूण. मी डोळे वटारले, मालक खोकले, उपयोग शून्य. शेवटी चुलत्यांनी टोपी सारखी केली. "वरून हसायलेत बघा! मामाच्या मनात न्हाई तिथं सोयरीक न्हाई. उठा." शिरा-पुरी तशीच झाकलेली राहिली आणि जीप निघून गेली.

"हे काय केलंस तू?" मी ओरडले.

"अक्का, वाटाघाटीच्या पुस्तकात लिवलंय, जो आधी बोलतो तो हारतो."

"अरे, हरायला तिथं कबड्डी चालली होती का?"

पोरगी आत जाऊन पडली होती. जेवायला उठेना. ते पाहिल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. मी विचारलं, कावून वाचतोस रे असलं? तो खाली बघत म्हणाला, "दुकानात येणारं परत्येक माणूस इचारतंय, हे हाय का, ते हाय का. ह्या पुस्तकांत कुणीतरी इचारतंय, तुमाला काय व्हायचंय." आमचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा हा दहावीत होता; शाळा सोडून दुकानात बसला. मी बीडला डी.एड. पुरं केलं, ते ह्या दुकानावर. माझा राग गेला नाही, पण रागाला बसायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी तो न सांगता एसटीने चकलांब्याला गेला. संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा मालकांना फोन: "पाव्हणे, तुमचा मेव्हणा उंबऱ्यातच म्हणाला, पुस्तक वाचून गप्प बसलतो, मला पोरगा लई पसंत हाय. मग जे बोलाय लागला ते जेवण झालं तरी थांबंना! लग्न तुमच्याच दारात करू, पण ह्याला आता आवरा."

मांडव सांगून झाला, आचारी ठरला, पत्रिका छापायला गेल्या. माझ्या कामांपैकी एकच राहिलं आहे. काल साखरेचे कट्टे उतरवताना त्याने विचारलं, "अक्का, अंतरपाटाच्या वेळी पोरीच्या मागं मी उभा राहणार. तवा रडू आलं तर काय करायचं? कुठल्याच पुस्तकात दिलं न्हाई." मी म्हटलं, बघून सांगते. अजून सांगितलेलं नाही.