ज्याच्या हाती तांब्या

सांगायला घरात माणूस नसलं की किस्से साठत जातात. माझ्याकडे तर आता ठेवायला जागा उरली नाही!

आमच्या गावी, पहूरला, हे वारले, आणि मुलाने, विलासने, मला धुळ्याला आणलं. देवपुरात फ्लॅट. मुलगा चांगला, सून चांगली. पण दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, आणि आल्यावर मोबाइल. मी भिंतीशी किती बोलणार?

मग मला शनिवारची बैठक सापडली. वाचनालयात कॉलेजच्या वर्षा मॅडम एक गोष्ट वाचतात, मग सगळ्यांनी तिच्यावर बोलायचं. मी शाळेची पायरी न चढलेली, दारातच उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "कान आहेत ना? मग या आत!"

* * *

तिथला नियम एकच. पाण्याने भरलेला पितळी तांब्या फिरतो. ज्याच्या हाती तांब्या, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. हातात भरला तांब्या असला की माणूस हातवारे करून भांडत नाही, असं मॅडमचं म्हणणं.

मला कुठे ठाऊक? तांब्या माझ्याकडे आला, मला वाटलं पाहुणचार. वरून धार धरली आणि सगळा रिकामा केला!

रिटायर नर्स शांताक्का म्हणाल्या, "गेलं, आज सगळ्यांचं बोलणं आजींच्या पोटात!"

* * *

एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर नाना. त्यांच्या हाती तांब्या गेला की सुटायचाच नाही. शांताक्का नियम मोडून ओरडायच्या, "नाना, स्टॉप आला, उतरा!"

नाना त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "एक्सप्रेस शे, मधमा थांबत नही!"

* * *

एकदा गोष्ट होती एकट्या राहणाऱ्या बापाची. नानांची एकुलती मुलगी पुण्याला. नानांनी तांब्या घेतला आणि नुसता धरून बसले. बोलेनात. नियम म्हणजे नियम, कोणीच बोललं नाही. वर पंखा तेवढा बोलत होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी तांब्या पुढे दिला. "बस, इतलंच."

* * *

पुढच्या शनिवारी मी तांब्या घट्ट धरला आणि बोलून टाकलं. "मले पहूरले जायचं आहे. राहायले. घर उभं आहे, शेजारी माझी जाऊ आहे. दिवसभर बोलायले कोणी तरी आहे."

एवढ्या माणसांनी माझं कधी ऐकलं नव्हतं.

नानांनी तांब्या मागून घेतला. "पोऱ्याले सांगितलं का?"

तांब्या परत माझ्याकडे. "तो ऐकायले थांबतो कुठे?"

शांताक्का म्हणाल्या, "मग तांब्याच घरी न्या!" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. निघताना त्यांनी तांब्या माझ्या पिशवीत ठेवला.

* * *

रविवारी संध्याकाळी विलास आणि सून दोघंही हॉलमध्ये होते. मी तांब्या भरला, दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.

खूप वेळाने विलासने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. मोबाइल बाजूला ठेवला!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो उठून जवळ आला. "अगं आई, हे कोमट पाणी कशाला पितेस? आण, फ्रिजमधलं देतो." तांब्या घेऊन आत गेला, गार पाणी भरून आणलं आणि तसाच हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"आई, तुला इथे काही कमी नाही ना गं?"

तांब्या त्याच्या हातात होता. नियम म्हणजे नियम!